पुरेसा करंट

जगातली निम्मी दुःखं तार बारीक असल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. भावोजी मोखाड्याला शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणाकडे चहाला गेले की कप हातात घेण्याआधी मिक्सरची नाहीतर टेपरेकॉर्डरची वायर चिमटीत धरून बघायचे, आणि ती कोमट लागली की त्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळल्यासारखा चेहरा करायचे. जव्हारला माझं लग्न झालं तेव्हा मुहूर्त टळत आला असताना भटजींना थांबवून त्यांनी मांडवातल्या दिव्यांची वायर बदलली. माझ्या सासुरवाडीची काही मंडळी पुढे कितीतरी दिवस त्यांना मांडववाल्याचा माणूसच समजत होती.

हे वेड लागलं ते हेलिकॉप्टरमुळे. मुंबईच्या कुणा हौशी माणसाने मोडलं म्हणून टाकून दिलेलं, रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर त्यांनी कसाऱ्याहून एसटीने आणलं. खिडकीची जागा त्याला दिली आणि स्वतः कडेला बसले. कंडक्टरने थट्टेने त्याचं अर्धं तिकीट मागितलं, तर यांनी ते आनंदाने काढलं. मग दर रविवारी सूर्यमाळच्या माळावर ते हेलिकॉप्टर उडायचं, म्हणजे खरं तर पडायचं. त्याचं इंजिन इंधनावर चालायचं, पण पात्यांचा कल सांभाळायला आत काडेपेटीएवढ्या मोटरी होत्या, सर्व्हो नावाच्या. भावोजींनी हौसेने दांडग्या ताकदीच्या सर्व्हो बसवल्या. त्या सगळ्या एकदम जोर लावायच्या तेव्हा इतका करंट ओढायच्या की त्याच बॅटरीवर चालणारा, रिमोटचं ऐकणारा रिसीव्हर क्षणभर बेशुद्ध पडायचा, आणि हेलिकॉप्टर धोंड्यासारखं खाली यायचं. पाड्यावरचा एक म्हातारा गुरं सोडून बघत बसायचा. एकदा त्याने विचारलं, “सर, तुमचा पाखरू रोज पडं. उपाशी ठेवता काय त्याला?” भावोजी न रागावता त्याच्याजवळ बसले आणि त्याला सर्व्होंची भूक समजावून सांगत राहिले. गुरं तोवर कुणाच्या तरी नाचणीत शिरली होती.

शेवटी त्यांनी सर्व्होंना वेगळी मोठी बॅटरी दिली, जाड वायरी टाकल्या, रिसीव्हरची छोटी बॅटरी निराळी ठेवली. त्यानंतर ते हेलिकॉप्टर पडलं नाही. काही वर्षं फार सुखात गेली. ताईला मूल नव्हतं. रविवारी ती डबा घेऊन माळावर जायची, आणि आपला नवरा आभाळाकडे बघून हसतो आहे हे बघत बसायची.

मग बॅटरी लवकर संपायला लागली. पूर्वी निवांत पुरणारी बॅटरी निम्म्यातच मान टाकायची. भावोजींनी नवी आणली, वायरी आणखी जाड केल्या, सगळे सांधे पुन्हा डाग देऊन पक्के केले. हेलिकॉप्टर जड झालं, पण दुखणं हटेना. मी एकदा मोखाड्याला गेलो होतो तेव्हा ते अंगणात इंजिन बंद ठेवून नुसत्या सर्व्हो तपासत होते. त्या थांबतच नव्हत्या. एकसारखी बारीक कुरकुर चालली होती.

ताई तांदूळ निवडत होती. ती सूप बाजूला ठेवून जवळ आली आणि हळूच म्हणाली, “रिमोटवरचे हात जरा काढा बरं.”

भावोजींनी हात काढले. कुरकुर थांबली. त्यांनी पुन्हा बोटं ठेवली, आणि ती सुरू झाली. मग त्यांनी आपला उजवा हात समोर धरला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

“म्हणजे करंट पुरेसा होता,” ते म्हणाले.

नाशिकच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. औषधं सुरू झाली, त्यांनी काही दिवस बरं वाटलं आणि पुढे वाटेनासं झालं. खडूने फळ्यावर सरळ रेघ येईना, तेव्हा भावोजींनी नोकरी सोडली. हेलिकॉप्टर मात्र सोडलं नाही. त्यांनी रिमोट ताईच्या हातात दिला. स्कूटरलाही कधी हात न लावलेली माझी बहीण महिनोन्‌महिने माळावर उभी राहून शिकली. भावोजी मागे, हात शालीत गुंडाळून, तिच्या कानाशी सांगत राहायचे. ती चुकली तर विद्यार्थ्यांवर ओरडत तसे ओरडायचेही.

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. ताईने हेलिकॉप्टर अलगद वर नेलं आणि माळावर स्थिर धरलं. बॅटरी बरीच शिल्लक असतानाच उतरवायचं, हा त्यांचा कडक नियम. ताईने वेळेवर विचारलं, उतरवू का. भावोजी मान वर करून बघत होते.

“राहू दे थोडा वेळ,” ते म्हणाले. “पुरेल.”

ताईने ते तसंच वर धरून ठेवलं. नंतर तिने ते गवतावर टेकवलं, इंजिन थांबलं, आणि भावोजी त्याच्या बॅटरीचं बटण बंद करायला खाली बसले. ते एवढंसं बटण त्यांच्या बोटांना सापडेना. मी पुढे व्हायला लागलो, तर ताईने माझ्या दंडाला धरलं. आम्ही दोघं वाऱ्यात उभे राहिलो, त्यांना ते सापडेपर्यंत.