बाईंचा आवाज आणि खुलेबुवा

खुलेबुवा हे नाव त्यांना बायकोनंच ठेवलं, तेही लग्नाला दोन महिने झाले नसताना. आहेरात आलेला कोरा मिक्सर ह्या माणसानं एकदाही न फिरवता टेबलावर पालथा घातला आणि चारही स्क्रू काढून बशीत ठेवले.

"बिघडलाय का हो?"

"नाही. आत काय आहे ते बघून ठेवतो."

पेशानं मेकॅनिक. शिलाईच्या कारखान्यात ऐंशी मशीनं. त्यातलं कुठलं टाके सोडायला लागलं की बायका हाक मारणार, आणि हे तेलाची बुधली घेऊन हजर. कॉम्प्युटर हा संध्याकाळचा नाद. कुणी शिकवला नाही. जुनीपानी पुस्तकं वाचून प्रोग्रॅम लिहायला शिकले. नाद असतोच हो माणसाला. कुणी पत्ते कुटतं, कुणी शेजाऱ्यांच्या चौकशा करतं. पण ह्यांच्या नादाला तत्त्व येऊन चिकटलं, आणि तत्त्व चिकटलं की नाद घरच्यांच्या मानगुटीवर बसतो.

झालं असं, की कारखान्यात कॉम्प्युटरसारखा पडदा असलेली नवी मशीनं आली आणि त्यातलं एक अडलं. काय अडलंय ते खुलेबुवांना नुसत्या कानानं कळलं, पण आतल्या प्रोग्रॅमला कंपनीचं कुलूप. कंपनीचा माणूस नवव्या दिवशी उगवला, दोन बटणं दाबली, चहा पिऊन गेला. त्या दिवसापासून ह्यांचं एकच पालुपद: ज्याच्या आत बघता येत नाही ते आपलं नव्हे. मग घरातल्या कॉम्प्युटरवर फक्त मुक्त प्रोग्रॅम. म्हणजे कुणीही उघडून वाचावेत, हवे तसे बदलावेत, शेजाऱ्याला वाटावेत. जगभरची असलीच खुळी माणसं एकमेकांना पत्रं लिहून मदत करायची, आणि हे त्यांत रमायचे. फोनमधलंही कंपन्यांचं सगळं झाडून काढलेलं.

"भाऊजींचा फोन म्हणजे भिंतीवरचं घड्याळ," मेहुणी म्हणायची. "वेळ तेवढी दाखवतो. बोलायचं तर तीन जिने चढून या."

"बरंच आहे की. नाहीतर तू कधी आली असतीस?" बाई म्हणायच्या.

बाई म्हणजे बायको. लहान मुलांच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळा रस्ता त्यांना बाईच म्हणे. आणि काय आवाज होता त्यांचा. मैदानाच्या ह्या टोकाला "ए, भिंतीवरनं खाली उतर" म्हटलं की त्या टोकाची तीन पोरं उतरायची, आणि त्यातली दोन भिंतीवर नसायचीच.

त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं: स्वरयंत्र काढावं लागेल, पाच आठवड्यांनी. माणूस वाचेल, आवाज नाही. दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणारी एक मुलगी होती, तिनं एक कागद दिला. "हे ॲप घ्या. साडेतीनशे वाक्यं वाचायची, चार संध्याकाळचं काम. मग तुम्ही टाइप केलंत की फोन तुमच्याच आवाजात बोलेल. पण ह्याच आठवड्यात करा हं बाई. आवाज आता रोज थोडा थोडा बसत जाणार."

खुलेबुवांनी घरी येऊन त्या कंपनीच्या अटी वाचल्या. एक्केचाळीस पानं. अशा अटी अख्ख्या वाचणारा जगात बहुधा हाच एक माणूस. तर त्यात लिहिलेलं, की आवाज कंपनीकडे राहील, कंपनी तो स्वतःच्या कामाला वापरू शकेल, आणि ही सोय कधीही बंद करू शकेल.

"तुझा आवाज त्यांच्या कुलपात? शक्य नाही. मी करतो. मुक्त प्रोग्रॅम आहेत, सगळं घरच्या घरी होईल."

खोटं काहीच नव्हतं त्यात. प्रोग्रॅम खरंच होते. बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ह्या माणसानं हातात घेतलेलं मशीन सुरू झालं नाही असं झालं नव्हतं. "बघा बुवा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे एकच आहे."

आवाज भरून घ्यायचा मुक्त प्रोग्रॅम पहिल्याच संध्याकाळी मिळाला. चालतही होता. पण दोन वाक्यांच्या मध्ये त्याचा खट्ट असा आवाज यायचा. आता तुमच्या-आमच्यासारख्यानं खट्ट तर खट्ट म्हणून कामाला सुरुवात केली असती. खुलेबुवांनी प्रोग्रॅम उघडला. खट्ट कुठून येतंय ते सापडलं, पण तिथं पोचेस्तोवर आतली सगळी बांधणीच चुकलेली दिसली. म्हणाले, त्यापेक्षा नवा लिहितो. मग पंख्याची घरघर गाळायची सोय. मग वाक्यांची यादी, भाषेतला एकही उच्चार सुटता कामा नये अशी. कारखान्यातून आले की हात धुवून थेट खुर्चीत.

बाई रोज समोर बसायच्या, माईकपुढे.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. नुसतं तपासतोय."

"चाचणी, एक, दोन, तीन. आमचे हे फार हुशार आहेत हो, काम तेवढं होत नाही."

"हं, बास." की परत बोटं चालू.

दहाव्या-बाराव्या दिवशी मेहुणी आली. ताईचा आवाज बसत चाललेला तिला दारातच कळला. "भाऊजी, वाक्यं किती झाली?"

"अजून सुरू नाही केली. आधी हत्यार नीट पाहिजे. एकदा नीट झालं की चार संध्याकाळी."

"तहान लागलीय आणि तुम्ही विहिरीला कठडा बांधताय. माझ्या फोनवर ते कंपनीचं घेऊ का सरळ?"

खुलेबुवांची बोटं चालूच राहिली. बाईच म्हणाल्या, "राहू दे गं. त्यांचं होतच आलंय."

होतच आलं होतं, रोज. तेविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, रेकॉर्डर पुरा झाला. खरंच देखणा. एक हिरवं बटण, दाबा आणि बोला. बाईंनी पाण्याचा पेला जवळ घेतला, पडद्यावरचं पहिलं वाक्य बघितलं आणि तोंड उघडलं. माईकपुढची चाचणी सोडली तर आठवडाभर त्या घरात खुणेवर भागवत होत्या. आवाज ह्या दिवसासाठी राखून ठेवलाय असं त्यांनाही वाटलं असेल. बाहेर आलं ते खरखरीत, फाटकं, निम्मं वारंच. खुलेबुवा पडद्यावरची आवाजाची रेघ बघत होते. रेघ स्वच्छ. खट्ट नाही, पंखा नाही. अठराव्या वाक्याला बाईंना खोकला लागला. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आणि नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवून आत गेल्या.

खुलेबुवांनी सगळं धुंडाळलं. बाईंचा धड आवाज म्हणून जो काय होता, तो रोजच्या तपासणीतला. अर्धं-अर्धं मिनिट. सगळा जोडून अकरा मिनिटं.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. बाई वाचल्या, घरी आल्या, गळ्यात वही अडकवून फिरू लागल्या. अकरा मिनिटांतून आवाज उभा करायला खुलेबुवा तीन महिने बसले. दूरदूरच्या त्या खुळ्या लोकांनी जमेल ती मदत केली. कुणी सुधारणा पाठवली, कुणी आपला भारी कॉम्प्युटर रात्रंदिवस चालवून दिला. शेवटी एका दुपारी मेहुणीला बोलावून घेतलं. तिघं टेबलाभोवती बसली. बाईंनी टाइप केलं, आणि कॉम्प्युटर बोलला.

बोलला म्हणजे अडखळला. शब्द सुरू व्हायचा बाईंसारखा आणि मध्येच पत्र्याच्या डब्यात पडायचा. बाईंनी दोन-तीन वाक्यं करून बघितली. मग त्यांच्या काय मनात आलं, त्यांनी टाइप केलं: चाचणी, एक, दोन, तीन. ते मात्र हुबेहूब. ते तेवीसदा भरलेलं होतं ना. मेहुणीनं दचकून ताईच्या तोंडाकडे पाहिलं. ताईचे ओठ मिटलेले.

बाईंनी वहीत लिहिलं, बंद करा. आणि पान उलटून बहिणीला लिहिलं, तुझ्या फोनमध्ये आहे ते मला घालून दे.

ते म्हणजे कंपनीचा तयार आवाज. कुण्या परक्या बाईचा, गोड, बँकेत नंबर पुकारतात तसा. तो घेऊन बाई परत शाळेत जाऊ लागल्या. पोरांना तो समजतो. मैदानावर पोचत नाही. तिथं त्या शिट्टी वापरतात. कारखान्यातून आले की हल्ली खुलेबुवा खिडकीशी बसतात.

रेकॉर्डर त्यांनी आधीच सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता, नेहमीच्या सवयीनं. मागच्या महिन्यात एका अनोळखी मुलीचं पत्र आलं. वडिलांचं हेच ऑपरेशन होतं, तुमचा रेकॉर्डर उतरवून घेतला, तीन संध्याकाळी चारशे वाक्यं झाली. आता बाबा फोनवरून त्यांच्याच आवाजात माझ्या मुलाला ओरडतात. तुमचे उपकार कसे फेडू?

खुलेबुवांनी पत्र मोठ्यानं वाचलं. बाई पोरांच्या वह्या तपासत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, मान हलवली, आणि कोऱ्या कागदावर लिहिलं, कुणाचा तरी राहिला ना.

"तू रागावली आहेस माझ्यावर?" खुलेबुवांनी विचारलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

बाईंनी पेन खाली ठेवलं. फोन उचलून दोन अक्षरं टाइप केली.

"नाही," फोन म्हणाला.

खुलेबुवा त्या फोनकडे बघत राहिले. बाई नाही म्हणायच्या, तेव्हा तो राग आहे, थट्टा आहे, की आता पुरे आहे, हे त्यांना शेजारच्या खोलीतून कळायचं. ह्या 'नाही'मध्ये त्यातलं काहीच नव्हतं. बाईंनी पुढची वही ओढली.