दुपारी दोननंतरचं टेबल

कोल्हापूरशेजारच्या गडमुडशिंगीत प्रसेनजीतच्या घराला खोल्या दोनच. बाहेरच्या खोलीत त्याचे वडील बाबासो आणि टीव्ही. आतल्या खोलीत प्रसेनजीत, त्याची बायको साक्षी आणि एक टेबल. लॉकडाऊनमध्ये दोघांचं काम घरी आलं ते परत ऑफिसला गेलंच नाही. टेबल एक, मोठा स्क्रीन एक, कीबोर्ड-माउस एकच; लॅपटॉप मात्र दोन कंपन्यांचे दोन. सुरुवातीला दर पाळीला टेबलाखाली शिरून वायरी काढाय-घालाय लागायच्या. मग प्रसेनजीतनं राजारामपुरीतनं एक डबी आणली. दोन्ही लॅपटॉप तिला जोडायचे, बटण दाबलं की स्क्रीन एकाचा दुसऱ्याला मिळायचा. सकाळी सहा ते दोन साक्षी, दोन ते दहा प्रसेनजीत.

साक्षी परदेशी दवाखान्यांचे विम्याचे कागद तपासायची. दोन कागद शेजारीशेजारी लावून बघायचं काम; लहान स्क्रीनवर ते होत नसे. प्रसेनजीत एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचा. तीस वर्षं गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत भट्टीपुढं उभे राहिलेले बाबासो दोन वाजले की टीव्हीचा आवाज बंद करायचे. कुणी आलं तर हळूच सांगायचे, "पोरगं कामाला बसलंय आत."

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दहा मिनिटांची मिटिंग झाली आणि प्रसेनजीतसकट चाळीस जणांना कंपनीनं कमी केलं. मिटिंग संपायच्या आत कंपनीनं त्याचा लॅपटॉपही तिकडूनच बंद केला. दोन महिन्यांचा पगार मिळणार होता, त्यामुळं घरात लगेच कळायचं कारण नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत आठवडा गेला. मग सांगणं आणखी अवघड झालं.

तो रोज दोनला आत जाऊन दार लोटायचा. बटण दाबायचा. स्क्रीन काळाच राहायचा. मोबाईलवर नोकऱ्या शोधायचा, अर्ज धाडायचा, आणि साक्षीची चाहूल लागली की कीबोर्ड बडवायचा.

मार्चमध्ये साक्षीला तिच्या साहेबांचा फोन आला. टीम लीडर करणार होते, पण वेळ नऊ ते सहा. तिनं फोनवर हात ठेवून प्रसेनजीतला विचारलं, "तुमची पाळी बदलून मिळंल का?"

त्यानं खाली बघितलं. "न्हाय मिळायची."

"मग जमणार नाही, सर," ती फोनवर म्हणाली. तो शेजारीच बसला होता.

एप्रिलमध्ये एका दुपारी दारात कुरिअरवाला आला.

"पावणं, काय आणलायसा?" बाबासोंनी विचारलं.

"न्यायला आलोय. प्रसेनजीत यांचा कंपनीचा लॅपटॉप."

"त्येच्यावरच काम करतोय की त्यो आत. मग कसा नेता?"

"कामावरनं कमी केलेल्यांचेच गोळा करतोय, बाबा."

साक्षी तिथंच कोपऱ्यातल्या स्वयंपाकाच्या कट्ट्याशी कांदा चिरत होती. सुरी तशीच ठेवून ती आत गेली. प्रसेनजीत टेबलाखाली वाकून आपल्या लॅपटॉपची वायर काढत होता. सगळं त्याच्या कानावर आलं होतं.

"कधीपासनं?"

"फेब्रुवारी."

"म्हंजे माझा फोन आला तवा हे टेबल मोकळंच हुतं."

"सांगणारच हुतो मी."

"मी विचारलं, तुम्ही न्हाय म्हणालासा. बसून ऐकलंसा सगळं."

लॅपटॉप खोक्यात घालून त्यानं कुरिअरवाल्याच्या कागदावर सही केली. बाबासो भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी पोराकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी साक्षीनं साहेबांना फोन लावला. ती जागा टीममधल्याच पूर्णिमाला देऊन महिना झाला होता. पूर्णिमाला काम साक्षीनंच शिकवलं होतं. आता कागद तपासून झाले की साक्षी ते पूर्णिमाकडं पाठवते, आणि पूर्णिमा चुका काढून परत धाडते.

प्रसेनजीतला त्यानंतर तीन ठिकाणांहून बोलावणं आलं, तिन्हीकडनं पुढं काही कळलं नाही. साक्षी भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटतं. ती जेवायला वाढते, कामापुरतं बोलते. दुपारी घरात बसवत नाही म्हणून तो चप्पल घालून बाहेर पडतो. स्टॉपवर उभा राहतो, एसटी येते, तो चढत नाही.

परवा बाबासोंनी सुनेला विचारलं, "साक्षी, ह्यो रोज जातो कुठं?"

ती धुणं पिळत होती.

"मी न्हाय विचारलं, मामा," ती म्हणाली.