शिक्का कोपऱ्यात

घरचे तिला 'खोडरबर' म्हणत. कामच तसं होतं. लोकांनी पसरवलेले फोटो, व्हिडिओ तपासायचे आणि खोटे निघाले की खोडायचे. वर्तमानपत्राच्या कचेरीत, जिन्याखालच्या खोलीत तिचं टेबल. पूर, वादळ, भूकंप, वितळणारा बर्फ, सगळं तिच्या पडद्यावरून वाहायचं. छपरावर बसून रडणारी एकच पोर तिनं दर पुरात पाहिली होती. ती पोर एव्हाना कॉलेजात गेली असेल, पण लोक तिला छपरावरून उतरूच देत नव्हते.

"किळस येते गं," ती आईला सांगायची. "माणसं बुडताना दिसली की यांच्या तोंडाला पाणी सुटतं."

"आधी हात धू, मग जेव," आई म्हणायची.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 'जिना बंद,' डॉक्टरांनी बजावलेलं. दिवसा सोबतीला मामा.

त्या दुपारी धरण फुटल्याचा व्हिडिओ आला. तपकिरी लोंढा, वर मजकूर: 'आपलं धरण! पळा!' तिनं पाहताक्षणी ओळखला. भलत्याच देशातला, जुना. तरी तिनं धरणावर फोन लावला. तिथला इंजिनिअर आधीच पिसाळलेला. "अहो बाई, मी भिंतीवरच उभाय! फुटली असती तर फोन काय माशानं उचलला असता?"

तिनं व्हिडिओतला फोटो घेतला, खाली वर्तमानपत्राचं नाव टाकलं आणि वरच्या कोपऱ्यात लाल शिक्का मारला: 'खोटं'. मधोमध मारला की डिझायनर नाक मुरडायचा. "चित्र घाण दिसतं." फोटो पेपरच्या साइटवर गेला.

थोड्या वेळानं मामाचा फोन.

"आईला खाली उतरवतोय. शेजारी आलेत, खुर्चीतून नेतोय."

"अरे, कशाला?"

"धरण फुटलंय!"

"कुणी सांगितलं?"

"तूच! तुझ्याच पेपरचा फोटो फिरतोय, खाली नाव आहे!"

तिनं घरचा ग्रुप उघडला. तिचाच फोटो. वरची पट्टी कुणीतरी कापलेली. शिक्का गेला, नाव राहिलं.

"मामा, तो फोटो खोटा आहे. आईला वर ने. सांधा निखळेल तिचा!"

"आणि खरं असलं तर?"

"मी सांगतेय ना!"

"तू काय, सगळ्यालाच खोटं म्हणतेस."

मागून कुणीतरी किंचाळलं, "पाणी आलं, पाणी!" फोन बंद.

ती धावतपळत घरी पोचली. जिन्यावरून पाणी ओघळत होतं. गच्चीतली टाकी भरून वाहत होती. पळापळीत पंप बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला टेकलेली खुर्ची आणि खुर्चीत आई. एकटी.

"हलवू नकोस," आई म्हणाली. "दुखतंय, पण जागेवर आहे बहुतेक."

"मामा कुठाय?"

"टेकडीवर. चौघांनी उचललं होतं. पाणी दिसलं, चौघांनी सोडलं. तुझा मामा फोटो काढण्यापुरता थांबला. म्हणाला, ताई, आलोच."

डॉक्टर येऊन गेले. सांधा शाबूत होता. संध्याकाळी मामा परतला, काखेत घरातला टीव्ही. "सावध असलेलं बरं," म्हणाला आणि चहा मागितला. तिनं दिला नाही.

सकाळी कचेरीत पहिलाच फोटो: ओला जिना, खुर्चीतली आई. मामानं ग्रुपवर टाकलेला, एकाकडून दुसऱ्याकडे फिरत आलेला. 'धरणाचं पाणी इमारतीत! म्हातारीला टाकून घरचे पळाले!'

तिनं आईला फोन केला.

"छाप," आई म्हणाली. "पण माझं तोंड झाक."

तिनं शिक्का मधोमध मारला, आईच्या चेहऱ्यावर, कापायला जागाच न ठेवता.

"घाण दिसतंय," डिझायनर म्हणाला.

"घाणच आहे."

खाली तिनं दोन ओळी लिहिल्या. 'पाणी धरणाचं नव्हतं, गच्चीतल्या टाकीचं होतं. घरचे पळाले, हे खरं आहे.'

दुपारी मामाचा फोन. "अगं, ती दुसरी ओळ काढ ना. लोक हसतायत."

"नाही निघायची, मामा," ती म्हणाली. "तपासून टाकलीय."