धुतलेली टोपली

शेजारच्या मावशी लाखनीच्या बाजारात तळ्यातली मासोळी विकतात. पुण्याच्या लेकीनं त्यांना एअर फ्रायर पाठवला. आमच्याही घरी एक आहे. त्याची टोपली मी तारेच्या घासणीनं घासघासून सोलून काढली, म्हणून बायकोनं मला मावशींकडे शिकायला धाडलं.

मावशींनी प्लग काढला, टोपली थंड होऊ दिली, कोमट पाण्यात भिजवली, मऊ फडक्यानं धुऊन पुसली. यंत्राला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. मग लेकीला फोन लावला.

"बाई, हे टोपली कशी धुवाची वं? मी तं भुललीच."

लेक पहिल्यापासून सांगू लागली. कोरडी टोपली मांडीवर घेऊन मावशी हुंकार देत राहिल्या.

"मावशी, धुतली ना तुम्ही!" मी शहाणपणा केला.

त्यांनी फोनवर तळवा दाबला.

"चूप ना गा भाऊ. सांगू दे तिले."