खळ्यातली कुंभारीण

माझ्या सासऱ्यांचा माणसांपेक्षा मधमाश्यांवर जास्त जीव. कुडाळच्या बाजारातून आले की आधी मागच्या दारी जाऊन फणसाखालच्या मधपेटीला कान लावायचे, मग पाय धुवायचे. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. माझं दोनदा पोट पडलं होतं आणि तिसऱ्यांदा दिवस गेले होते. बोलत कुणी काही नसे, पण माझ्या चालण्याकडे सगळ्यांचं लक्ष.

दिवाळीनंतर मागचं खळं, म्हणजे अंगण, केलं. नवी माती घालून चोपलं, शेणाने सारवलं. आठ दिवसांत कडेला करंगळी जाईल एवढी भोकं दिसायला लागली. पिवळ्या पट्ट्यांच्या तीन-चार माश्या होत्या, गांधीलमाशीच्या जातीतल्या, पण प्रत्येकीचं भोक वेगळं, कारभार वेगळा. पेटीच्या तोंडाशी मधमाशी पकडायची, नांगी मारून गार करायची, पोटाशी धरून भोकात न्यायची. पिल्लांचं जेवण!

सासरे उकळतं पाणी घेऊन आले, तशा सासूबाई आडव्या आल्या.

"खबरदार! कुंभारीण ती. सून पोटुशी आसा आणि तिचा घर मोडतास?"

कुंभारीण माशी भिंतीला मातीचं घर बांधते. घरात पोटुशी बाई असली की आमच्याकडे ते कुणी मोडत नाही. मोडलं तर बाईचं पोट मोडतं म्हणतात. ही माशी जमिनीत राहणारी, पण सासूबाईंना तेवढा फरक कुठला पुरायला! खरं सांगते, मलाही पुरला नाही. मी दारात पोटावर हात धरून उभी होते. सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाणी परत नेलं.

मग रोज सकाळी सूप घेऊन पेटीपाशी बसायचे, वारा घालून त्या माश्यांना हुसकायचे. सूप थांबलं की त्या परत हजर. पेटी हलकी होत गेली. चैत्रात उरल्यासुरल्या मधमाश्या एका सकाळी उठून गेल्या त्या गेल्याच. सासरे दोन दिवस धड जेवले नाहीत. मला रागच आला. अहो, माश्या त्या, माणूस का गेलंय!

वैशाखात मुलगी झाली. रडली, प्यायली, तगली. बारसं झालं आणि दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी कुदळ घेतली. लेकीला मांडीवर घेऊन मी दारातून बघत होते. हातभर खाली चिंचोक्याएवढ्या खोल्या निघाल्या. आत मधमाश्यांचे पंख आणि फुटलेले, रिकामे कोष.

"कुंभारीण नाय ही," सासरे म्हणाले. "माका पयल्याच दिसाक कळला होता."

"मगे मोडलात कित्याक नाय?" मी विचारलं.

ते कुदळीची माती काढत राहिले.

"तुझो जीव त्या भोकात होतो गो. पाणी कसा ओततलंय?"