हाताचं वळण

शिवणक्लासच्या बाईंना सगळ्या मागून कात्रीबाई म्हणायच्या. बाईंना ते ठाऊक होतं, कारण आपल्या पाठीमागे कोण काय बोलतं याची खबर ठेवणं हा त्यांचा जोडधंदाच होता. विश्वास म्हणून कशावर नाही. नवी टेप आणली की आधी जुन्या टेपला लावून मोजणार. दुकानदार "रंग जाणार नाही" म्हणाला की त्याच्यासमोरच कापडाचा कोपरा ओला करून अंगठ्याने चोळणार. नवरा म्हणायचा, "हिच्यापुढे आरसा धरला, तर हिच्यामागे कोण उभंय ते आधी बघेल." डोळे झाकून विश्वास होता तो एकाच गोष्टीवर. उपजत हातावर.

"हाताला वळण उपजतच असावं लागतं," असं त्या पहिल्या दिवशीच सुनवायच्या. "जिला आहे तिला आहे. बाकीच्यांनी बसा घासत." मग प्रत्येकीला कापडाचा तुकडा देऊन गोल गळा शिवायला लावायच्या. गोल गळा म्हणजे महा लबाड प्रकार. सुई जराशी भरकटली की त्याचा बटाटा होतो. तासाभराने तुकडे गोळा करायचे. जिचा गळा गोल, तिला खिडकीजवळचं मशीन, भरपूर उजेड. बटाटेवाल्या सगळ्या भिंतीकडे. अठरा वर्षं हीच परीक्षा. भिंतीकडची एकही बाई कधी खिडकीशी आली नव्हती, आणि कात्रीबाई त्यालाच पुरावा म्हणायच्या.

यंदा एकाच घरातल्या नणंद-भावजय आल्या होत्या. नणंद विशीतली, भावजय तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. नणंदेचा गळा असा काही गोल, की बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. भावजयीचा अगदी नमुनेदार बटाटा. एक खिडकीशी गेली, दुसरी भिंतीशी.

वर्ष संपत आलं तेव्हा गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याने बाईंकडे नाव मागितलं. जागा एकच. परीक्षा नाही की काही नाही, कात्रीबाईंचा शब्द पुरे. तो शब्द आजवर कधी खाली पडला नव्हता. नणंदेचं नाव लिहायला बाईंनी पेन उघडलं आणि मनात पाल चुकचुकली.

पोरीने घरून शिवून आणलेल्या कामाला नाव ठेवायला जागा नसायची. पण वर्गात? वर्गात दोन टाके घालायची नि थांबायची. मध्येच डोकं दुखायचं, मध्येच दोरा तुटायचा. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या की हात मशीनवरून थेट मांडीवर! बाईंनी तिने आणलेला फ्रॉक उजेडात धरला. शिकणारीचा टाका चुकतो, तो उसवावा लागतो आणि सुईची जुनी भोकं कापडावर राहतात. इथे एक जादा भोक असेल तर शपथ. वर शिवणीपाशी कापड किंचित ओलसर.

"कुठेतरी पाणी मुरतंय," बाई पुटपुटल्या.

त्यांची नजर फिरत फिरत भिंतीकडे गेली. तिथे भावजय गालावर हात ठेवून बसलेली. तिचा स्वतःचा फ्रॉक महिनाभर अर्धवट पडलेला. बोटाला मात्र चिंधी! जी काही शिवतच नाही, तिच्या बोटाला जखम कशी? बाईंना लख्ख प्रकाश पडला. नणंदेचं सगळं हीच शिवते. पण हिला तर हात नाही. म्हणजे पहिल्या दिवशी दोघींनी तुकडेच बदलले असणार, तो बटाटा नणंदेचा! दोघींनी मिळून आपल्या डोळ्यांत धूळ फेकली. अशीला कारखान्यात पाठवलं असतं तर अठरा वर्षांचा शब्द मातीत गेला असता. बाईंचं टाळकंच फिरलं.

रविवारी दुपारी न कळवता त्या दोघींच्या घरी जाऊन धडकल्या. जिना चढतानाच मशीनचा आवाज आला. चाललं, थांबलं, चाललं, थांबलं. दार लोटलेलंच होतं. बाई कसली कडी वाजवतायत! सरळ आत घुसल्या.

मशीनवर नणंदच होती. भावजय खाली बसून ब्लेडने एक शिवण उसवत होती. शेजारी वाटीत पाणी, तापलेली इस्त्री आणि जुन्या चादरींच्या तुकड्यांचा हा ढीग. प्रत्येक तुकड्यावर गळा.

"कोण शिवतं हे?" बाई कडाडल्या.

"मीच, बाई," नणंद उठून उभी राहिली.

"खोटं बोलू नकोस! वहिनीला बसव मशीनवर, बघू दे मला."

भावजय हसलीच. "मला? अहो बाई, मी भिंतीकडची."

नणंदेचे डोळे भरून आले. "बाई, हे नऊ वेळा उसवलंय. वहिनी उसवून देते, मी पुन्हा घालते. मग पाणी लावून नखाने भोकं बुजवते आणि इस्त्री फिरवते. उसवलेलं दिसलं असतं तर तुम्ही मला भिंतीकडे बसवलं असतं."

"आणि पहिल्या दिवसाचा गळा?"

"तो चाळिसावा असेल. तुम्ही गळाच शिवायला लावता, हे शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. महिनाभर घरी तेच करत होते."

बाई भावजयीकडे वळल्या. "तुझा कितवा होता?"

"माझा? पहिलाच. मी हिला चादरी फाडून देत होते ना."

बाई मटकन त्या ढिगावरच बसल्या. लाज वाटली त्यांना, चांगलीच वाटली. घरी दार लावून वर्तमानपत्रावर तीनतीनदा कापून पाहिल्याशिवाय त्यांनी स्वतः वर्गात कधी कापडाला कात्री लावली नव्हती. सगळ्या जगावर संशय घेतला, त्या तासाभराच्या परीक्षेवर एकदाही घेतला नाही. भिंतीकडच्या किती जणी आल्या नि गेल्या, ते आता त्यांना आठवेना.

सोमवारी त्यांनी कारखान्याला नणंदेचं नाव दिलं. चिठ्ठीत लिहिलं, "मुलगी चुकते, उसवते आणि पुन्हा शिवते." मग त्या भिंतीपाशी गेल्या. "चल गं, खिडकीशी बस. आपण गळा पुन्हा घालू."

"राहू द्या हो बाई," भावजय म्हणाली. "मला हात नाही. तुम्हीच सांगितलंत ना?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला तशी खात्रीच होती. आयुष्यात कुणावर विश्वास न ठेवलेल्या बाईंवर हिने मात्र डोळे झाकून ठेवला होता.

बाईंनी तिथेच भिंतीकडे स्टूल ओढलं, तिचा अर्धवट फ्रॉक मांडीवर घेतला आणि गळा शिवायला लागल्या. बटाटा झाला. त्यांनी सगळ्यांदेखत ब्लेड उचललं आणि तो टाका टाका करून उसवला. भावजय त्यांच्या हातांकडे टक लावून बघत होती, आणि हळूहळू तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई," तिने संशयाने विचारलं, "तुमचंही चुकतं?"