आईचं इंग्रजी आणि माझी लबाडी

माझी आई सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाली आणि नांदेडला माझ्याकडे राहायला आली. मी इथं शाळेत इंग्रजी शिकवते. धाकटा भाऊ बंगळुरूला असतो. त्याची बायको केरळची. तिला मराठी येत नाही, आईला मल्याळम येत नाही, म्हणून रविवारच्या व्हिडिओ कॉलवर दोघींच्या मधे दुभाषी मी.

आता खरं सांगायला हरकत नाही. हे काम मी लबाडीनं करत होते. आई जे बोलायची त्यातलं तिखट मी गाळून टाकायची. ‘तुला सासू हाय का न्हाई, रविवार सोडला तर एक फोन न्हाई?’ याचं माझ्या तोंडून ‘मदर इज फाइन, टेक केअर’ व्हायचं. घरात शांतता राहिली की मला वाटायचं, काय हुशार आहे मी!

चौदा एप्रिलच्या जयंतीला दोघं येणार होते. आईनं धपाटे करून ठेवले, शेंगदाण्याची चटणी कुटली, सुनेसाठी इरकल साडी आणली. आदल्या दिवशी भावाचा मेसेज आला, ‘रजा नाही मिळाली.’

रविवारी आई स्क्रीनसमोर बसली आणि सुटली. पाच मिनिटं बोलत होती. तिचं झाल्यावर मी सुनेला म्हटलं, ‘मदर सेज, नो प्रॉब्लेम.’

फोन बंद झाल्यावर आईनं माझ्याकडे रोखून बघितलं. ‘मी एवढं बोलले अन् तुझं एवढंसंच? काय करून राहिलीस तू?’

‘इंग्रजीत थोडक्यात बोलतात, आई.’

‘चाळीस वर्षं डॉक्टरांचं इंग्रजी ऐकलंय मी. मला शिकव. माझं मीच बोलते.’

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली. मी वर्गात शिकवते तेच तिला सांगितलं. ‘तू अशी, तू तशी’ म्हणायचं नाही. आधी आपल्याला काय वाटतं ते ‘आय फील’नं सांगायचं, मग कशामुळे ते, आणि शेवटी प्लीज म्हणून काय हवं ते मागायचं.

आईनं वहीत पहिलं वाक्य लिहिलं, ‘मदर-इन-लॉ सीरियस.’

‘आई, हे वाचून ती ॲम्ब्युलन्स बोलवेल!’

तिनं खोडून लिहिलं, ‘मदर-इन-लॉ स्टेबल, बट नॉट सॅटिस्फाइड.’

मी हसून लोळायची बाकी होते. आई मात्र गंभीर. ‘रुसले’ला काय म्हणतात, तिनं विचारलं. मी म्हटलं, अपसेट. ‘अपसेट पोट होतं,’ ती म्हणाली. मग हर्ट सुचवलं. ‘हर्ट म्हणजे छातीत दुखतं, ते न्हाई.’ शेवटी ‘बॅड’वर तडजोड झाली.

रविवारी ती स्वच्छ साडी नेसून, चष्मा लावून फोनसमोर बसली. मला म्हणाली, ‘तू तिकडं बस. तोंड उघडायचं न्हाई.’ मग वही धरून सुनेला म्हणाली, ‘आय फील बॅड. सिन्स जयंती. मॉर्निंग, इव्हिनिंग, आफ्टर फूड.’

सुनेचे डोळे मोठे झाले. ‘अम्मा, व्हॉट शुड आय डू?’

‘प्लीज कम. टू डेज. देन रिव्ह्यू.’

मला वाटलं, आता सून खो खो हसणार. ती हसली नाही. सावकाश, सोप्या इंग्रजीत बोलली, तेवढं आईलाही कळलं. म्हणाली, ‘अम्मा, मलाही वाईट वाटत होतं. आम्ही येणार नाही म्हटलं तरी ताई दर वेळी नो प्रॉब्लेम म्हणायची. मला वाटलं, मी आले काय, न आले काय, तुम्हाला सारखंच.’

आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. वॉर्डात इंजेक्शन चुकवणाऱ्या शिकाऊ पोरीकडे ती असंच बघत असणार. मी चहाचं निमित्त करून उठले. इतके दिवस मी गोड बोलून दोघींनाही एकमेकींपासून लांबच ठेवलं होतं.

मे महिन्यात सून भावाला घेऊन आली. दोन दिवसांचे आठ झाले. आईनं तिला इरकल नेसवली, तिनं आईला खोबऱ्याचं तेल घालून भाजी करून दाखवली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज यायला लागले.

‘आय फील व्हॉमिटिंग व्हेन यू पुट दॅट ऑइल,’ आई म्हणत होती.

‘अम्मा, आय फील फायर व्हेन यू पुट दॅट चिली! प्लीज, लिटल!’

‘लिटल न्हाई. हाफ टॅबलेट,’ आई म्हणाली आणि दोघी खदाखदा हसल्या.

मी दारातून डोकावले. ‘काही समजावून सांगू का?’

‘नको माय,’ आई म्हणाली. ‘तू पानं वाढ.’

मी पानं वाढली. भाऊ जेवायला बसला, आणि दोन भाज्यांपैकी आधी कोणती खायची ते त्याला काही ठरवता येईना.